सांधे

बाबांचं पित्त कधी खवळलं नाही.
फळी उलटी बसली तरी नुसती शीळ घालायचे,
खिळा उपटायचे, पुन्हा मोजायचे.
आणि आता डॉक्टर यान्येस म्हणतात,
सगळा घोळ पित्ताचाच.

चिलोए बेटावर, दाल्काहुएच्या खालच्या किनाऱ्यावर
ओहोटीला समुद्र इतका मागे जातो
की होड्या चिखलात कुशीवर झोपतात.
तिथे एलेउतेरिओ कार्कामोनं एकेचाळीस होड्या बांधल्या.
बेचाळिसावी अजून टेकूंवर, उघड्या बरगड्यांची.

आधी डोळे पिवळे झाले. मग हात.
मग खाज, रात्रभर, तळव्यांना.
रंध्याच्या पात्यानं पाय खरवडताना मी त्यांना पकडलं.
आत्यानं बोल्दोच्या पानांचा काढा दिला.
एके दिवशी मोगरी सापडली भट्टीत, पावाशेजारी.
दिवसा झोप; रात्री बूट घालून दारात उभे:
"भरती आली का गं, ओतिलिया?"
ओतिलिया माझी आई.
तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

कास्त्रोच्या इस्पितळात चांदणी काढायला सांगितली,
पाच टोकांची.
ज्या हातानं दोरी न लावता नाळेचा बाक काढला
त्या हातातून कागदावर
कसलंसं मोडकं कुंपण उतरलं.
"हात पुढे करा, बस थांबवायची असल्यासारखे."
पंजे पडले, सावरले, पुन्हा पडले,
वाऱ्यात खांबावर उतरू पाहणाऱ्या पक्ष्यासारखे.

यान्येसबाई तरुण, नखांना शाईचे डाग.
म्हणाल्या, पित्त म्हणजे साबण.
आतड्यात चरबी सोडवतं, तिथं ते गुणाचं.
पण नळी वर्षानुवर्षं आवळत गेली
की साबण रक्तात तुंबतो.
मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर,
काठाला काठ भिडलेला,
नको ते आत शिरायला फट नाही.
पित्ताची आम्लं साचली की तिथले सांधे ढिले पडतात.
"निदान उंदरांत तरी. माणसांत किती, कसे,
अजून चाचपतोय आम्ही.
शिवाय यकृत थकलं की अमोनियाही साठतो.
एकट्या पित्तावर आळ नको."

बाबा खिडकीकडे बघत होते.
कितीतरी वेळानं म्हणाले,
"काथ्या सुटलाय."
तीन दिवसांतलं पहिलं धड वाक्य.

आलेर्सेच्या सालीचा काथ्या.
लहानपणी मी तो मांडीवर वळायचे,
ते छिन्नीनं फळ्यांच्या मधे ठोकायचे
आणि कान लावायचे.
भरला सांधा ठण् बोलतो, पोकळ सांधा बद्द.
कवटीला असा कान कुणी लावावा?

नळी रुंद केली. आत प्लास्टिकची बारीक वाट बसवली.
आणि गोळ्या, पांढऱ्या, रोज तीन.
त्याही पित्ताच्याच, त्याच घराण्यातल्या,
स्वभावानं फक्त मऊ.
मला हसू आलं. आमचे एक काका भांडण लावायचे,
दुसरे मिटवायचे; आडनाव एकच.

ऑक्टोबरात घरी आले.
चांदणी जमते आता, पाचवं टोक जरा लांब जातं.
मला माझ्याच नावानं हाक मारतात,
आणि खरं सांगायचं तर
ओतिलिया म्हणून ओ द्यायची सवय
मोडायला मलाच वेळ लागला.
भावाच्या होडीचं नाव मात्र परतलं नाही.
आम्ही ते सांगत नाही. ते विचारत नाहीत.

मार्चच्या मोठ्या भरतीला बेचाळिसावी ढकलली.
तासाभरात तळाशी बोटभर पाणी.
मी डबा घेऊन धावले.
ते काठावर बसून राहिले, पाय सोडून.
"राहू दे. लाकूड नवं आहे.
पाणी पिईल, फुगेल, आपलं आपण मिटेल."

तरी रात्री मी दोनदा उठले.
एकदा होडी बघून आले.
एकदा त्यांना.